आमची बिनगिअरची गाडी

"काय भाऊ, आज वहिनींची गाडी आणली वाटतं?"

दीड वर्षापूर्वी, ऐन पावसाळ्यात, आम्ही आमची मोटारसायकल विकून बिनगिअरची स्कूटर घेतली आणि पहिल्याच दिवशी कंपनीच्या गेटवर हा प्रश्न ऐकला. विचारणारा आमचा जुना सोबती. मागून दोघे-तिघे हसले. एक म्हणाला, "वय झालं आता. गिअर पेलवत नाही." आम्हीही हसलो आणि पंचिंग करून खात्यात गेलो. पण खरे सांगायचे तर तो दिवसभर लेथवर जॉब लावताना ते हसणे कानात राहिले.

आम्ही राहतो कासारवाडीला आणि नोकरी चाकणला. नाशिक फाटा, भोसरी, मोशी, इंद्रायणीचा पूल, चिंबळी फाटा, मग चाकण. जाऊन-येऊन साधारण ४० किलोमीटर. हा रस्ता ज्यांच्या नशिबी आहे त्यांना वाहतूक कोंडी म्हणजे काय ते सांगायला नको. कंटेनर, ट्रेलर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्या फटीतून वाट काढणारे आमच्यासारखे हजारो दुचाकीवाले. गाडी दहा पावले पुढे जाते, थांबते, पुन्हा दहा पावले. प्रत्येक वेळी डाव्या हाताने क्लच दाबायचा, डाव्या पायाने गिअर टाकायचा, क्लच सोडायचा. एके दिवशी सहज मोजायला लागलो. भोसरीपासून चिंबळी फाट्यापर्यंत २०० वेळा क्लच दाबला, पुढे मोजणे सोडून दिले.

त्याच सुमारास डाव्या हाताची बोटे रात्री बधिर होऊ लागली. झोपेतून उठून हात झटकावा लागे. डॉक्टरांनी मनगटातील नस दबल्याचे सांगितले. केवळ गाडीमुळे झाले असे त्यांचे म्हणणे नव्हते. तीस वर्षे लेथवर काम केलेला हात तो! पण एवढे मात्र ते म्हणाले, "कामावर हाताला विश्रांती देता येत नसेल तर निदान रस्त्यावर तरी द्या."

गेटवर विचारणाऱ्यांना आम्ही हेच कारण सांगितले. हाताचे दुखणे म्हटले की कोणी फार बोलत नाही. परंतु गाडी बदलण्याचे खरे कारण वेगळेच होते. ते आज या पानावर सांगतो आहोत.

आमच्या आईला दमा आहे. त्या वर्षीच्या फेब्रुवारीत आमची रात्रपाळी चालू होती. रात्रपाळीला कंपनीची बस मिळते, म्हणून मोटारसायकल घरी, जिन्याखाली उभी. रात्री दोनच्या सुमारास आईला जोराची धाप लागली. घरात आमची पत्नी आणि बारावीला असलेली मुलगी. पत्नी रिक्षा शोधायला नाशिक फाट्यापर्यंत चालत गेली. त्या वेळी तिथे एकही रिक्षा नव्हती. शेवटी भाजी घेऊन निघालेल्या एका टेम्पोवाल्याला दया आली. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. १०८ ला फोन करावा हे घाबरलेल्या दोघींना सुचले नाही आणि आम्हीही ते कधी घरात बजावून सांगितले नव्हते.

आई वाचली. चार दिवसांनी घरी आली. पण पत्नी जे एक वाक्य बोलली ते आम्ही विसरू शकत नाही. ती म्हणाली, "अहो, गाडी दारात उभी होती. चावी खुंटीला होती. टाकीत पेट्रोल होतं. पण ती माझ्या कामाची नव्हती."

वाचकहो, चौदा वर्षे ती मोटारसायकल आमच्या दारात उभी होती. दर रविवारी आम्ही ती पुसायचो. कोणी हात लावलेला खपायचा नाही. पत्नीला शिकवावी असे चौदा वर्षांत एकदाही मनात आले नाही. तिनेच कधी विषय काढला तर आम्ही म्हणायचो, "गिअरची गाडी आहे, तुला जमायची नाही." साडी नेसून बसायची अडचण, पाय जमिनीला न पोहोचण्याची अडचण, अशी कारणे पुढे करीत होतो. कारणे खोटी नव्हती. पण त्यांच्या आड आमची सोय लपलेली होती. गाडी आमची, म्हणजे एकट्याची होती.

आमचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांनी आयुष्यभर सायकल मारली. हँडलला डबा आणि मागे कॅरिअरवर आम्ही. सायकल मात्र सगळ्यांची होती. आई स्वतः चालवीत नसे, पण रेशनचे गहू त्याच सायकलवर लादून ती ढकलत आणायची. साधन साधे होते, पण घराचे होते. मोटारसायकल आली आणि ते साधन एकट्या कर्त्या पुरुषाचे झाले, हे आमच्या ध्यानातही आले नाही.

आता या बिनगिअरच्या गाडीविषयी थोडे सांगतो, कारण तिच्याविषयी पुष्कळ गैरसमज आहेत. पहिला गैरसमज म्हणजे ही नवी फॅशन आहे. तसे नाही. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली लूना काढली, तिलाही गिअर टाकावे लागत नसत. त्याच सुमारास आकुर्डीला बजाजची चेतक आली. तिचे गिअर डाव्या मुठीत. क्लच दाबून मूठ फिरवायची. चेतकसाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत. पुढे १९८०च्या दशकात कायनेटिक होंडा आली. बटण दाबले की सुरू, मूठ पिळली की पळाली. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर त्याच पठडीतल्या. बजाजने तर २००९ साली स्कूटर बंद करण्याचे जाहीर केले आणि २०२० साली चेतक पुन्हा आणली ती विजेवर चालणारी. तिलाही क्लच नाही, गिअर नाहीत.

दुसरा गैरसमज असा की हिच्यात गिअरच नाहीत म्हणून ही कमी दर्जाची. आम्ही टर्नर माणूस. पहिल्या सर्व्हिसिंगला मेकॅनिकने बाजूचे झाकण उघडले तेव्हा मुद्दाम वाकून पाहिले आणि जुन्या वर्कशॉपची आठवण झाली. जुन्या लेथवर पायऱ्यापायऱ्यांची पुली असायची. वेग बदलायचा तर पट्टा एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर सरकवायचा. इथेही पट्टाच आहे, फक्त पायऱ्या नाहीत. पुढे एक पुली, मागे एक पुली. पुढच्या पुलीत छोटे वजनदार रोलर असतात. इंजिनाचा वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि पुलीची एक बाजू दुसरीकडे ढकलतात. मधली खाच अरुंद होते, पट्टा वर चढतो. तेवढ्याच प्रमाणात मागच्या पुलीत तो खाली उतरतो. म्हणजे गिअर बदलतच असतो, पण जिना चढल्यासारखा नाही, उतार चढल्यासारखा. हॉलंडमधल्या डाफ कंपनीने १९५८ साली याच तत्त्वावर चालणारी मोटार लोकांपुढे आणली होती. क्लचही आहेच. इंजिनाला वेग आला की तो आपोआप पकडतो, वेग उतरला की सोडतो. ज्या कामासाठी आमचा डावा हात झिजत होता ते काम ही पुली मुकाट्याने करते. याला कमी दर्जाचे कसे म्हणावे?

मात्र सगळे गोडच आहे असे सांगून वाचकांची फसवणूक करणार नाही. पेट्रोल जादा लागते. आमची मोटारसायकल लिटरला ६० किलोमीटर द्यायची, ही ४५ देते. महिन्याला १००० किलोमीटर धरले तर साडेपाच लिटर जादा. लिटरचा भाव शंभरीच्या पुढे, तेव्हा साडेपाचशे-सहाशे रुपयांचा फटका. पगारदार माणसाला ही रक्कम लहान नाही. चाके लहान असल्यामुळे खड्डा जास्त जाणवतो. पट्टा झिजतो, तो पुस्तिकेत सांगितलेल्या अंतरावर तपासून बदलावा लागतो. त्यात कंजुषी केली तर रस्त्यात मध्येच तुटून गाडी उभी राहते. आणि साचलेल्या पाण्यातून घातली तर पट्टा भिजून घसरतो.

सवयीचाही धोका आहे. मोटारसायकलवर डाव्या हाताला क्लच असतो, तर या गाडीवर ब्रेक. चौथ्याच दिवशी मोशीजवळ पुढचा ट्रक थांबला आणि आमच्या डाव्या हाताने चौदा वर्षांच्या सवयीने क्लच म्हणून पूर्ण मूठ आवळली. रस्ता ओला होता. मागचे चाक घसरले, गाडी आडवी झाली आणि मागून येणारा टेम्पो हातभर अंतरावर थांबला. गुडघा सोलवटला, एवढ्यावर निभावले. २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना दोन्ही ब्रेक मिळून लागण्याची सोय सक्तीची झाली आहे. तरीही हात शिकायला वेळ लागतोच. मोटारसायकल सोडून स्कूटरवर येणाऱ्या प्रत्येकाने पहिले दोन आठवडे मोकळ्या रस्त्यावर, सावकाश काढावेत.

दुसरी चूक याहून मोठी. भाचीचा चार वर्षांचा मुलगा घरी आला होता. त्याला पुढे उभे केले, गाडी चालू केली आणि शेजाऱ्याशी दोन शब्द बोलत उभे राहिलो. पोराने मूठ पिळली. गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये असती तर नुसता आवाज झाला असता. ही सरळ पळाली आणि भिंतीला धडकली. पोराच्या हनुवटीला दोन टाके पडले. भाची काही बोलली नाही, पण तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो. तेव्हापासून आमच्या घरात नियम आहे. गाडी थांबली की चावी बंद. मूल पुढे असताना एक मिनिटही इंजिन चालू ठेवून उभे राहायचे नाही.

आता पत्नीचे सांगतो. ती अंगणवाडीत मदतनीस आहे. वय ४४. आयुष्यात सायकलही चालवली नव्हती. दर रविवारी सकाळी मैदानावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी आम्ही ओरडलो. दुसऱ्या रविवारीही ओरडलो. तिसऱ्या रविवारी मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरी बसा. मी शिकवते." आणि आठ दिवसांत आई-लेकींचे जमले! मग शिकाऊ परवाना, महिन्याने परीक्षा आणि बिनगिअरच्या दुचाकीचा पक्का परवाना. तो हातात पडला त्या दिवशी तिने पेढे आणले. आम्ही म्हटले, "एवढं काय त्यात?" ती म्हणाली, "माझा फोटो असलेलं हे पहिलंच कार्ड आहे, ज्यावर मला काहीतरी येतं असं सरकारनं लिहून दिलंय." आमच्यापाशी यावर उत्तर नव्हते.

आता आमची पहिली पाळी असली की संध्याकाळी गाडी तिची. अंगणवाडीची मीटिंग, बाजार, रविवारी विहार, सगळीकडे ती स्वतः जाते. रात्रपाळी असली की रात्रभर गाडी घरी असते. गेल्या महिन्यात थंडीमुळे आईला पुन्हा रात्री त्रास सुरू झाला. या वेळी वाढण्याची वाट न पाहता पत्नीने आईला शाल गुंडाळली, दोघींनी हेल्मेट घातली आणि दहा मिनिटांत रुग्णालय गाठले. वाफेचे औषध दिले, दोन तासांत दोघी घरी परत. सकाळी पाळी संपवून आम्ही आलो तेव्हा आई चहा पीत बसली होती. आम्हाला म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरी चालवते. खड्डा बघून जाते."

आमचा हात पूर्ण बरा झाला असे नाही, पण रात्री झटकत उठावे लागत नाही. आणि गेटवरचे सोबती? जो सर्वांत मोठ्याने हसला होता तो परवा बाजूला घेऊन विचारत होता, "भाऊ, वहिनींना शिकायला किती दिवस लागले?"

प्रत्येकाने मोटारसायकल विकावी असे आमचे म्हणणे नाही. ज्याचा रस्ता मोकळा, अंतर लांब आणि हात धडधाकट, त्याला गिअरचीच गाडी परवडेल. घरातल्या दुसऱ्या माणसाला गिअरची गाडी येत असेल तर प्रश्नच मिटला. पण कर्ज काढून गाडी घेताना किंमत आणि अॅव्हरेज विचारतो, तसा आणखी एक प्रश्न आपल्या घरात विचारावा. आपण नसताना ही गाडी कोण चालवील? आणि आजच्या आज १०८ हा आकडा घरातल्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. आमच्या भिंतीवर तो आता आहे, चावीच्या खुंटीच्या अगदी वर.