भाडेकरूचे बिऱ्हाड

भाड्याच्या खोलीत हयात घालवलेल्या माणसाला एक विद्या आपोआप येते. मालकाच्या भिंतीला खिळा न ठोकता तो कपडे वाळत घालतो, तसबिरी टांगतो आणि दोन माणसांच्या जागेत पाहुण्यांची पंगतही उठवतो. ही विद्या संगणकावरही उपयोगी पडते, हे मला अलीकडेच उमगले.

आमच्या संस्थेतला मोठा संगणक पन्नासएक जण मिळून वापरतात. त्यावर लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या राज्यात 'रूट' हाच मालक. सामाईक जागेत काही ठेवायचे तर त्याची अनुमती हवी. इतर कुणी हात लावला, की यंत्र दोन शब्दांत वाटेला लावते: 'पर्मिशन डिनाइड'! मला या मालकाचा राग येत नाही. पन्नास बिऱ्हाडांच्या वाड्यात जो तो नळाची जोडणी बदलू लागला, तर पाणी कुणालाच मिळायचे नाही.

पण माझ्याकडे संशोधन करणाऱ्या मुलीची प्रबंध देण्याची तारीख तीन आठवड्यांवर आली होती. तिला पावसाच्या नोंदींचा एक अवाढव्य संग्रह हवा होता. फाइलींतल्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवणारे 'गिट' नावाचे सॉफ्टवेअर आहे. त्याच्या नव्या आवृत्तीत अशा संग्रहातला लागेल तेवढाच भाग उतरवून घेता येतो. आमच्या यंत्रावर मात्र २०१३ सालचे १.८.३.१ ठाण मांडून बसलेले.

"सर, अर्ज दिलाय. समिती पुढच्या महिन्यात बसते म्हणे."

"मग आपल्याच चुलीवर शिजवू," मी म्हणालो. आपापल्या घरात काय करावे याला आमच्याकडे मनाई नाही; तशी असती तर गोष्ट निराळी.

गिट लिनस टोरवाल्ड्सने २००५ साली लिहिले. त्याच्या मूळ संहितेबरोबर बांधणीच्या सूचनांची फाइल येते. तिच्यात म्हटले आहे, की वेगळे काही सांगितले नाही, तर हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वतःच्या घरात, 'बिन' नावाच्या फोल्डरात मुक्काम करील. भाडेकरूची आठवण ठेवणारा हा लेखक मला फार आवडला! इतर बहुतेकांना पत्ता आपण द्यावा लागतो: 'कॉन्फिगर' करताना 'प्रीफिक्स' म्हणून घराचे नाव सांगायचे, मग 'मेक', मग 'मेक इन्स्टॉल'. हा 'मेक' स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ साली बेल लॅब्जमध्ये रचला. कुठली फाइल कशावर अवलंबून आहे हे पाहून जी शिळी झाली तेवढीच तो पुन्हा घडवतो. जात्याच सुगरण!

मंत्र सोपा, पण पहिल्याच खेपेस कंपायलर अडला. 'कर्ल'ची हेडर फाइल मिळेना. गंमत अशी, की कर्ल यंत्रावर होते. परंतु तयार लायब्ररी असणे निराळे आणि तिच्या आधाराने नवे बांधायला लागणाऱ्या हेडर फाइली असणे निराळे. लाडू डब्यात आहेत. कृतीची वही शेजारणीने नेली आहे! कर्लवाचून गिट बांधता येते, पण मग ते एचटीटीपीएसच्या वाटेने बाहेरून काही आणू शकत नाही. आमचे तर सारे अडले होते तिथेच. तेव्हा कर्ल बांधा. त्याला ओपनएसएसएल हवे, तेही बांधा. मारुतीचे शेपूट ते! पोरगी मात्र हटली नाही. दिवसा लोकांची कामे चालतात म्हणून बांधणी रात्री, तीही एकदोन प्रोसेसरांवरच. वाड्यात रात्री पाटा-वरवंटा वाजवू नये, हा नियम इथे नेमका उलटा.

तिसऱ्या रात्री सगळे बांधून झाले, तरी हाक मारली की जुनेच गिट पुढे यायचे. हाकेसरशी कुठली दारे कुठल्या क्रमाने ठोठवायची याची यादी 'पाथ'मध्ये असते, आणि तिच्यात आमचे दारच नव्हते. ते सर्वांत वर लिहिले, आणि नव्या गिटने ओ दिली.

या बिऱ्हाडाला खर्चही आहे. सामाईक सॉफ्टवेअरला सुरक्षेचे भोक पडले तर मालक बुजवतो. आपल्या कर्लचे आपल्यालाच बुजवावे लागते. तिने कॅलेंडरावर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला 'कर्ल पाहणे' असे लिहून ठेवले आहे, दुधाच्या हिशेबाच्या खाली.

प्रबंध मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. पुढे समिती बसली, अर्जही मंजूर झाला. पण मंजूर झालेले गिट तिच्या गिटपेक्षा जुने निघाले, म्हणून तिने आपले बिऱ्हाड अद्याप हलवलेले नाही.