शेवट ठाऊक असलेल्या गोष्टी

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी गंभीरपणे लिहावे की नाही, याबद्दल आपल्या साहित्यिक वर्तुळात अद्याप एकमत झालेले नाही. नाटकाविषयी लिहिणारा समीक्षक ठरतो, चित्रपटाविषयी लिहिणारा रसिक ठरतो. मालिकेविषयी लिहिणाऱ्याला मात्र 'तुमच्याकडे वेळ फार दिसतो' एवढेच प्रशस्तिपत्र मिळते. तथापि ज्या घरांत वर्षानुवर्षे एखादे मराठी पुस्तक उघडले गेलेले नाही, त्या घरांतही संध्याकाळी मराठी मालिका लागते, ही वस्तुस्थिती आहे. महाराष्ट्रात राहणाऱ्यास हिचे महत्त्व कदाचित जाणवणार नाही. काशीत राहणाऱ्या मराठी माणसास ते रोज जाणवते. म्हणून गेल्या काही वर्षांत आमच्या घरात पाहिल्या गेलेल्या मालिकांविषयी दोन शब्द लिहावेत आणि त्यांतील कोणत्या वेळ देऊन पाहण्याजोग्या आहेत हेही सांगावे, असे योजिले आहे.

आमचे घर अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत आहे. नारद घाट आणि पांडे घाट यांच्या दरम्यानचा हा घाट आज राजा घाट या नावाने अधिक ओळखला जातो. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते अमृतराव पेशवे म्हणजे राघोबादादांचे दत्तक पुत्र. त्यांच्याविषयी पुढे लिहावयाचेच आहे. काशीतील मराठी वस्ती मुख्यतः दुर्गाघाट, ब्रह्माघाट आणि पंचगंगेच्या परिसरातली. या बाजूला आमच्यासारखी घरे तुरळक. पिढ्यान्‌पिढ्या येथे राहिल्याने आमच्या मराठीवर बनारसी बोलीचा रंग चढला, यात नवल नाही. शब्द आले त्याचे दुःख मी कधी केले नाही. दुःख झाले ते एका वर्णाचे. शेजारची हिंदी बोलता बोलता आमच्या मुलांच्या तोंडातून 'ळ' निघून गेला. 'मी केळी खाल्ली' हे वाक्य 'मी केली खाल्ली' असे ऐकू येऊ लागले, आणि 'बाळ' म्हणून हाक मारावी तर केसांचा भास होऊ लागला.

आमच्या घरात हा 'ळ' शुद्ध स्वरूपात शेवटपर्यंत राखला तो माझ्या आत्याने. ती बालपणी विधवा झाली, माहेरी परतली आणि याच घरात म्हातारी झाली. तिच्या तरुणपणी करमणूक म्हणजे ब्रह्माघाटाकडील कीर्तने आणि घाटावरची पुराणे. १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' ही वाहिनी सुरू झाली आणि पुढे काही वर्षांनी तारेवाटे ती आमच्या गल्लीत येऊन पोहोचली, तेव्हा परगावाहून कोणी नातेवाईक राहायला यावा तसा आनंद तिला झाला. "अरे, ही माणसं आपल्यासारखं बोलतात," एवढेच ती पहिल्या दिवशी म्हणाली. तिच्या आनंदात थोडी व्यथाही होती. आपल्यासारखे बोलणारे लोक पाहण्यासाठी पडद्याकडे पाहावे लागते, ही ती व्यथा.

तिच्या सहवासात मी ज्या मालिका पाहिल्या, त्यांपैकी 'उंच माझा झोका' हिला मी पहिले स्थान देईन. रमाबाई रानडे यांच्या आयुष्यावरील ही मालिका २०१२ मध्ये सुरू होऊन २०१३ मध्ये संपली. रमाबाईंच्या स्वतःच्या आठवणींचे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झालेले असल्याने कथेला भक्कम पाया होता. सासर, जावा-नणंदा, रुसवे-फुगवे हे सारे साहित्य तीतही आहे. परंतु ते एका मुलीने अक्षरे शिकण्याच्या कथेभोवती गुंफलेले आहे. माझी नात त्या वेळी सात वर्षांची होती. पडद्यावरची रमा पाटीवर अक्षरे गिरवू लागली, तशी हीही आत्याच्या मांडीला टेकून 'ळ' म्हणावयास शिकली. आम्ही घरच्यांनी चार वर्षे सांगून जे साधले नव्हते, ते एका मालिकेने आणि एका म्हातारीने मिळून साधले. मालिकांची निंदा करणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून सांगतो.

मात्र याच घरात दुसराही अनुभव आला. २०१९ च्या सप्टेंबरात 'स्वामिनी' ही थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई यांच्यावरील मालिका सुरू झाली. आत्या तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. ऐश्वर्या नारकर यांनी उभी केलेली गोपिकाबाई तिला फार आवडे. नजरेचा दरारा आणि शब्दांची काटकसर या दोन गोष्टींनी ती भूमिका पुष्कळ उंचीवर गेली होती, हे मलाही मान्य आहे. परंतु मालिका रोजची. शनिवारवाड्यातला एखादा क्षुल्लक प्रसंग तीन-तीन दिवस चाले. पानपतानंतरच्या पडझडीतून दौलत सावरणारा तरुण पेशवा कथेत यावयाचा होता, आणि आम्ही मात्र बालवधूने स्वयंपाकघरात काय केले याच्या चौकशीत आठवडे घालवीत होतो. एके दिवशी नातीने कंटाळून विचारले, "पणजीआजी, ही गोष्ट कधी खतम होणार गं?" आत्या म्हणाली, "थेऊरला." नातीला ते कळले नाही. मग आत्यानेच तिला सांगितले की माधवराव सत्तावीस वर्षांचे होऊन थेऊरच्या गणपतीपाशी गेले आणि रमाबाई सती गेल्या. नात चकित झाली. "तुला शेवट माहीत आहे, मग रोज का पाहतेस?" यावर आत्याने जे उत्तर दिले ते या लेखाचे मूळ आहे. ती म्हणाली, "शेवट ठाऊक आहे म्हणूनच तर बघायचं, बाळ. तिथवर कसं नेतात, ते बघायचं."

या उत्तराचा विचार करता करता मला एक कसोटी सापडली. मालिका चांगली की वाईट हे तिच्या वेशभूषेवरून, भव्य वाड्यांवरून किंवा ऐतिहासिक तपशिलाच्या काटेकोरपणावरूनही पूर्णपणे ठरत नाही. आपण कोठे जाऊन थांबणार आहोत हे तिला पहिल्या दिवशी ठाऊक आहे काय, यावर ते ठरते. ज्या कथेला आपला शेवट ठाऊक असतो, तिच्या प्रत्येक प्रसंगावर त्या शेवटाची सावली पडते, आणि साधे बोलणेही अर्थपूर्ण होते. ज्या कथेला तो ठाऊक नसतो, तिला प्रसंगामागून प्रसंग शोधत बसावे लागते.

याच रमा-माधवांची कथा १९८० च्या दशकात दूरदर्शनने 'स्वामी' या मालिकेत सांगितली होती. रणजित देसाई यांच्या कादंबरीवरून गजानन जागीरदार यांनी ती दिग्दर्शित केली. रवींद्र मंकणी माधवराव झाले होते आणि त्या वेळी अगदी कोवळ्या वयाच्या मृणाल देव रमाबाई. ती आमच्याकडे त्या काळी दिसण्याची सोय नव्हती. पुढे आप्तांकडे पाहावयास मिळाली. आजच्या मानाने तिची सजावट साधी, प्रकाशयोजना बेताची. तरीही माधवरावांना खोकल्याची पहिली उबळ येते तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात चर्र होते, कारण मालिका पहिल्यापासून थेऊरच्या वाटेला लागलेली असते.

रोज दाखविणे हाच दोष आहे, असा निष्कर्ष यावरून कोणी काढील. काशीत राहणाऱ्यास तो पटणार नाही. गंगेच्या पलीकडच्या तीरावर रामनगरची रामलीला अनंत चतुर्दशीपासून जवळजवळ महिनाभर रोज चालते. ध्वनिवर्धक नाही, विजेचे दिवे नाहीत; अयोध्या एका ठिकाणी, लंका दुसऱ्या, आणि प्रेक्षकांनी पात्रांच्या मागून चालत जावयाचे. रोज न चुकता येणाऱ्यांना तेथे 'नेमी' म्हणतात. त्यांच्या हातात मानसाची पोथी असते. पुढची ओळ त्यांना पात्राच्या आधी ठाऊक असते. इतके ठाऊक असूनही भरतभेटीला त्यांचे डोळे भरून येतात. म्हणजे रोजच्या कथेत रस टिकविता येतो; मात्र किती दिवसांची कथा आहे हे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेले असावे लागते.

रामानंद सागर यांच्या 'रामायण' मालिकेचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १९८७ च्या २५ जानेवारीस ती सुरू झाली तेव्हा तिची योजना ५२ भागांची होती. लोकप्रियतेमुळे ती वाढत वाढत ७८ भागांवर गेली. काही प्रसंगांतील रेंगाळलेपण त्या वाढीचे फळ असावे, असे मला वाटते. याउलट त्यानंतर आलेल्या बलदेव राज चोप्रा यांच्या 'महाभारता'त 'समय' स्वतः निवेदक आहे. संवादलेखक राही मासूम रज़ा आमच्या शेजारच्या गाझीपूर जिल्ह्यातले, गंगौलीचे. घडून गेलेले सारे पाहिलेला काळच कथा सांगत असल्याने ९४ भागांच्या त्या पसाऱ्यातही वाट चुकल्याची भावना होत नाही.

ही कसोटी लावली असता अलीकडच्या ऐतिहासिक मालिकांचे गुणदोष स्पष्ट होतात. २०१७ साली आलेली हिंदी 'पेशवा बाजीराव' ही मालिका बाळ बाजीरावाच्या पराक्रमांत इतकी रमली की, थोरल्या बाजीरावांच्या खऱ्या कर्तृत्वाला पुरेसा अवकाश मिळण्यापूर्वीच तिला त्याच वर्षी निरोप घ्यावा लागला. २०२१ ते २०२३ या काळातील 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' मी अधिक अपेक्षेने पाहिली. अमृतराव घाटावरून उत्तरेला काही घाट ओलांडले की अहिल्याबाई घाट लागतो, आणि १७८० मध्ये विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे राहिले ते त्यांच्यामुळे. तेव्हा त्या आम्हाला परक्या नाहीत. अदिती जलतारे या बालअभिनेत्रीचे काम निर्मळ आहे, राजेश शृंगारपुरे यांचे मल्हारराव उमदे आहेत. तथापि मालिकेचे बरेचसे भाग बालपणात आणि सासरच्या वाड्यात खर्ची पडले. अहिल्याबाईंचे कार्य १७६६ साली मल्हारराव निवर्तल्यानंतरच्या जवळपास तीस वर्षांतले. त्या थकल्या-भागल्या, एकाकी, हिशेब तपासणाऱ्या राज्यकर्तीची कथा अजून सांगावयाचीच राहिली आहे असे वाटते.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे चित्रीकरणे थांबली आणि 'स्वामिनी'चे नवे भागही बंद पडले. दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखविण्यास सुरुवात केली. आत्या तोवर अंथरुणाला खिळली होती. सकाळ-संध्याकाळ नात तिच्या उशाशी बसून ते लावी. एप्रिलमध्ये रामराज्याभिषेक झाला तेव्हा आत्याने पडल्या पडल्या हात जोडले. मग तिने 'स्वामिनी'ची चौकशी केली. ती केव्हा सुरू होईल हे कोणालाच सांगता येत नव्हते. जूनमध्ये आत्या गेली. त्या वर्षी रामनगरची लीलाही झाली नाही. मालिका पुढे सुरू झाली आणि डिसेंबरात आटोपली. आमच्या घरात ती मग कोणी लावली नाही. आत्याचे त्यावाचून काही अडले असे मला वाटत नाही, कारण थेऊर तिला ठाऊक होते. नात आता 'ळ' स्वच्छ उच्चारते. तो उच्चार ऐकला की त्यात आत्याचा आवाज मिसळलेला जाणवतो.

आता शिफारशी. घरात लहान मूल आणि वृद्ध माणूस दोन्ही असतील, तर 'उंच माझा झोका' दोघांना शेजारी बसवून पाहावी. एकट्याने पाहावयाची असेल तर 'स्वामी' मिळवून पाहावी. श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ५३ भागांची आहे. तिच्यातील शिवाजीमहाराजांवरचे दोन भाग, ज्यांत नसीरुद्दीन शाह यांनी महाराजांची भूमिका केली आहे, मोजक्या वेळात किती सांगता येते याचा वस्तुपाठ म्हणून पाहावेत. 'पुण्यश्लोक अहिल्याबाई' निवडून पाहावी. 'स्वामिनी' गोपिकाबाईंसाठी पाहावी.

आणि एक मालिका अशी की जी माझ्या पाहण्यात अद्याप आलेली नाही. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरची लढाई जिंकून यशवंतराव होळकरांनी पुणे घेतले, दुसरे बाजीराव निघून गेले, आणि काही काळ पुण्याचा कारभार अमृतरावांच्या हाती आला. वर्षाअखेरीस वसईचा तह झाला, बाजीराव परतले. अमृतरावांनी १८०३ मध्ये इंग्रजांशी करार करून तनखा स्वीकारला आणि पुढे ते काशीवासी झाले. १८२४ मध्ये ते वारले, तोवर, म्हणजे १८१८ साली, पेशवाईच बुडाली होती. त्यांनी काढलेला मार्ग शहाणपणाचा की दुबळेपणाचा, यावर भांडण होऊ शकते, आणि चांगल्या कथेला असे भांडण हवेच असते. तेरा भाग त्यास पुरेत. लढाई पहिल्या दोन भागांत संपवावी; उरलेले अकरा भाग एका माणसाने सत्ता गेल्यावर वीस वर्षे कशी घालविली, दानधर्म कसा केला, दगड कसे घडविले आणि पुण्याकडून येणाऱ्या बातम्या कोणत्या चेहऱ्याने ऐकल्या, याला द्यावेत. शेवट लेखकाला शोधावा लागणार नाही. त्याच्या पायऱ्या येथे पाण्यात उतरलेल्या आहेत.