बैलहोंगलची समाधी

निपाणीहून बेळगावास जाताना काकती गाव लागले की शहर जवळ आले, हे आपल्या मंडळींना ठाऊक असते. पुढे शहरात घोड्यावर आरूढ, हाती तलवार घेतलेल्या कित्तूरच्या राणी चन्नम्मेचा पुतळा दिसतो. ती याच काकतीच्या देसाई घराण्यातली कन्या, जन्म १७७८ चा. तिची समाधी मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली असेल. ती बेळगावच्या पूर्वेस, सुमारे ४५ किलोमीटरवर, बैलहोंगल येथे आहे.

गाव बाजारपेठेचे. त्यातच बाग राखून समाधीस जागा केली आहे. मी गेलो तेव्हा दोन शेतकरी स्त्रिया फुले वाहून निघून गेल्या. बाकी शांतता होती. कित्तूरचे देसाई लिंगायत. लिंगायत समाजात मृतास दहन करीत नाहीत. बसलेल्या स्थितीत, इष्टलिंगासह पुरतात. तेव्हा येथे समाधी म्हणजे नुसते स्मारक नव्हे, खरोखरीचे थडगे. दरवर्षी २ नोव्हेंबरला आपल्या वाडवडिलांच्या कबरींवर मेणबत्त्या लावणाऱ्यांना त्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

पुतळ्यात तलवार आहे, परंतु राणीने प्रथम हाती घेतली ती लेखणी. तिचे पती मल्लसर्ज देसाई यांना दुसऱ्या बाजीरावाने पुण्यास कैदेत ठेवले होते. सुटका झाली ती प्रकृती ढासळल्यावर, आणि १८१६ मध्ये त्यांचे निधन झाले. आपण मराठी माणसांनी हेही वाचले पाहिजे. गादीवर आलेला सावत्र पुत्र शिवलिंगरुद्र १८२४ च्या सप्टेंबरात निपुत्रिक वारला. त्यासाठी घेतलेला दत्तक धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने मान्य केला नाही. दत्तकपत्रच खरे नाही असा संशय त्याने घेतला आणि कित्तूरच्या खजिन्यावर मोहोर व पहारा बसविला. राणीने पुण्याच्या कमिशनर चॅप्लिनकडे दाद मागितली. दत्तक नाकारून संस्थान घेण्याची ही युक्ती साताऱ्यास १८४८ मध्ये आणि झाशीस त्यानंतर लागू झाली, हे आपण शाळेत शिकलो. कित्तूरने तिचा अनुभव दोन तपे आधी घेतला.

अर्जाने काम झाले नाही. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी किल्ल्याचा दरवाजा उघडला, लढाई झाली आणि थॅकरे मारला गेला. (प्रसिद्ध इंग्रज कादंबरीकार थॅकरे याचा हा चुलता.) एलियट व स्टीव्हन्सन हे दोन तरुण अधिकारी राणीच्या हाती सापडले. त्या क्षणी किल्ल्यातील लोकांचा क्षोभ किती असेल! तरी त्यांना इजा झाली नाही, आणि अखेरच्या वेढ्याआधी त्यांना सुखरूप परत पाठविण्यात आले. मुत्सद्दी कोणास म्हणावे हे मला येथे कळते. त्यांपैकी वॉल्टर एलियट पुढे मोठा विद्वान झाला. कर्नाटकातील शेकडो शिलालेखांच्या नकला त्याने गोळा केल्या. अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे, जी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, ती त्याच्याच उत्खननातली. ज्या हाताने कित्तूरच्या मुलखाचे लेख जतन केले, तो हात राणीने राखला होता.

डिसेंबरात इंग्रजांनी मोठी फौज आणली. सोलापूरचा सबकलेक्टर मन्रो त्या हल्ल्यात पडला, पण किल्लाही पडला. राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तेथेच १८२९ मध्ये तिने देह ठेवला. पतीने कैद भोगली पेशव्यांची, पत्नीने कंपनी सरकारची.

१९५६ पासून सीमेच्या वादात आपल्याकडे पुतळेही या बाजूचे किंवा त्या बाजूचे ठरू लागले. राणीच्या हयातीत ही सीमाच नव्हती. तिचा दावा ज्याच्यापुढे गेला तो अधिकारी पुण्यास बसत असे. तेव्हा निपाणी-खानापूरकडील मराठी कुटुंबाने मुलांना घेऊन बैलहोंगलला जाण्यास संकोच का करावा, हे मला उमगत नाही.

सवड असेल त्यांनी खानापूर तालुक्यातील नंदगडही पाहावे. राणीच्या कैदेनंतर तिचा शिपाई संगोळ्ळी रायण्णा याने दत्तक मुलाच्या नावाने झुंज चालू ठेवली. तो फितुरीने पकडला गेला आणि १८३१ मध्ये नंदगडला फाशी गेला. त्याच्या समाधीवर वड आहे. मित्राने लावला असे लोक सांगतात. मूल व्हावे म्हणून नवस करणाऱ्या बायका त्या झाडाला लहान लाकडी पाळणे बांधून जातात.