खेळाच्या संगणकाची डागडुजी

मराठवाड्यांतील जुन्या घराची डागडुजी निघाली कीं पहिला मान माळवदाचा असतो. दाराला रंग द्यावा, ओसरीवर नवी फरशी बसवावी, असें घरांतील प्रत्येकास वाटतें. परंतु मृगापूर्वीं माळवदावर पांढरी माती पडली नाहीं, तर रंग आणि फरशी दोन्ही पाण्यांत जातात. हा क्रम आमच्या वसमतच्या घरांत कोणास शिकवावा लागत नाहीं. हींच शहाणीं माणसें संगणकापुढें बसलीं म्हणजे मात्र त्यांस प्रथम रंग आठवतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

आमच्या घरीं खेळाचा एक संगणक आहे. त्याचा धनी आमचा पुतण्या. २०२१ सालीं बेताच्या पैशांत तो जुळविला: दहाव्या पिढीचा चार कोअरचा आय-थ्री प्रोसेसर, जीटीएक्स १६५० हें ग्राफिक्स कार्ड, आठ जीबी रॅमची एकच पट्टी, जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क, आणि कॅबिनेटबरोबर आलेला निनांवी पॉवर सप्लाय. यंदा हळद विकल्यावर आमच्या वहिनींनीं वीस हजार रुपये त्याच्या हातावर ठेवले व म्हणाल्या, "एकदांच काय तें नीट करून घे." पुतण्याच्या मनांत नवें ग्राफिक्स कार्ड केव्हांच ठरलेलें होतें.

खेळापायीं वीस हजार कशाला, असें वाचक विचारतील. आमच्या थोरल्या बंधूंनीं, म्हणजे मुलाच्या वडिलांनींही, तेंच विचारलें. त्यांस आम्हीं एवढेंच सांगितलें कीं, याचे चारही सोबती शिक्षणासाठीं पुण्यास व छत्रपति संभाजीनगरास गेले. हा शेतापायीं आणि तुमच्या प्रकृतीपायीं मागें राहिला. रात्रीं नऊला ते पांचजण 'व्हॅलोरंट' नांवाच्या खेळांत एकत्र येतात. त्यांत एका पक्षास पांचच गडी असतात. एक मध्येंच नाहींसा झाला तर उरलेल्या चौघांस पांचांशीं झुंजावें लागतें, आणि वारंवार नाहींसा होणाऱ्यास कांहीं काळ खेळूं देत नाहींत. आमच्या पिढीस पारावर जें मिळत होतें, तें या मुलास त्या पडद्यावर मिळतें. बंधु यावर कांहीं बोलले नाहींत. परंतु वीस हजारांची गोष्टही त्यांनीं पुन्हां काढली नाहीं.

"काका, कार्ड बदललें कीं सगळें सुरळीत होईल," असें पुतण्याचें म्हणणें. आम्हीं म्हटलें, आधीं पंगत पाहूं. आचारी जेवढ्या पुरणपोळ्या उतरवील तेवढ्याच वाढपी वाढणार. आचारी मंद असेल तर वाढपी कितीही चपळ आणा, पानें रिकामींच राहतील. संगणकांत प्रोसेसर हा आचारी, ग्राफिक्स कार्ड हें वाढपी, आणि मॉनिटर ही पंगत. दोघांत मागें कोण पडतो हें पाहण्याची परीक्षा फुकट आहे. खेळाच्या सेटिंगमध्यें रेझोल्यूशन उतरवावें. त्यानें कार्डाचें ओझें हलकें होतें, प्रोसेसरचें जवळजवळ तेवढेंच राहतें. मुलें ज्यांस फ्रेम म्हणतात त्या चित्रांचा वेग चढला, तर कार्ड अडलें होतें असें समजावें. वेग जागचा हलला नाहीं, तर कार्डावर पैसे घालणें व्यर्थ.

'व्हॅलोरंट'मध्यें वेग हलला नाहीं. शिवाय सेकंदास शंभराहून अधिक फ्रेम मूळचेच निघत होते, आणि आमचा मॉनिटर दाखवितो साठ! पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं काढलेल्या 'राजी' या खेळांत मात्र वेग चढला. असुरांनीं नेलेल्या भावास सोडविण्यास निघालेल्या मुलीची ती कथा आमच्या मातोश्री खुर्ची ओढून पाहतात. त्यांची वेगाविषयीं तक्रार नाहीं. असुर थोडे अधिक भयंकर हवे होते, एवढेंच त्यांचें म्हणणें आहे.

तेव्हां पुतण्याचें खरें दुखणें वेगाचें नसून अडखळण्याचें होतें. एक खेळ, एक ब्राउझर आणि चार मित्रांचें बोलणें एवढ्यांत आठ जीबी रॅम भरून जाते. उरलेला पसारा हार्ड डिस्कवर सांडतो, आणि ती फिरती डिस्क बिचारी कितीशी धांवणार? यास उपाय दोन: रॅमची दुसरी पट्टी आणि एसएसडी. दुसऱ्या पट्टीनें जागा वाढते, आणि प्रोसेसरला स्मृतीकडे जाण्यास एकाऐवजीं दोन वाटा मिळतात. एसएसडीनें फ्रेम वाढत नाहींत, परंतु खेळ उघडतांना चहा पिऊन येण्याइतका वेळ लागत असे तो वांचतो. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी एवढी वाढली कीं कारखाने तिकडेच वळले. म्हणून पट्टी आम्हीं नांदेडहून वापरलेली आणविली. रॅम वापरलेली घेण्यास हरकत नाहीं. हार्ड डिस्क व पॉवर सप्लाय मात्र वापरलेले कधीं घेऊं नयेत.

आतां माळवदाची गोष्ट. आमच्याकडे सायंकाळीं वीज जाते, येते, पुन्हां जाते. इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालूं राहतात, पण संगणक त्याच निमिषांत बंद पडे. पुतण्यास झालेल्या शिक्षा बहुतेक याच कारणाच्या. वीज जाऊन इन्व्हर्टर हातांत घेईपर्यंत जो क्षणांश जातो, तेवढा काळ पॉवर सप्लायनें आपल्या पोटांतील सांठ्यावर संगणक तगवावयाचा असतो. चांगला पॉवर सप्लाय पूर्ण भारावरही सुमारें १६ मिलिसेकंद तग धरतो. स्वस्तांतल्या मालांत सांठवणीचे कपॅसिटरच तोकडे घातलेले असतात. दुसरें असें कीं, पुष्कळ इन्व्हर्टरांच्या पाठीमागें 'यूपीएस' आणि 'ईको' असा एक बारीक खटका असतो. तो 'यूपीएस'कडे असेल तर बदल दहाएक मिलिसेकंदांत होतो. एरवीं कितीतरी अधिक वेळ लागतो. आमच्याकडे इन्व्हर्टर बसविणाऱ्यानें तो 'ईको'कडे ठेवून दिला होता. फिरविण्यास दमडी लागली नाहीं. दाब थोडा उतरला तरी आतां इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, त्यामुळें बॅटरी लवकर झिजेल, हें खरें. तें आम्हीं पत्करलें. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा, चौकोनी लहरीवर चांगले पॉवर सप्लायही कुरकुरतात.

पहिला पैसा म्हणून गेला तो ५५० वॅटच्या, '८० प्लस' शिक्क्याच्या पॉवर सप्लायवर. त्यानें पडद्यावर रेघभर फरक दिसला नाहीं व पुतण्याचें तोंड दोन दिवस उतरलेलें होतें. औंढ्याजवळ दुधाळा येथें गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा व्हावयाची आहे. २०२३ सालीं केंद्रीय मंत्रिमंडळानें तिला मंजुरी दिली. तिच्या चार-चार किलोमीटरांच्या भुजांसाठीं आधीं शोधली ती थरथर कमी असलेली जमीन, हें आम्हीं त्यास ऐकविलें. तो म्हणाला, "काका, त्यांना मागाहून आरसे तरी मिळणार आहेत!"

कॅबिनेट उघडलें तेव्हां पंख्यावर हळदीच्या पॉलिशच्या हंगामांतला पिवळा थर बसलेला निघाला. तो झाडून प्रोसेसरवर नवी थर्मल पेस्ट लावली. वैशाखांत पूर्वीं तापून मंदावणारा प्रोसेसर यंदा मंदावला नाहीं.

उरलेले पैसे वहिनींच्याच डब्यांत परत गेले आहेत. दसऱ्यापर्यंत त्यांत भर पडली तर कार्डही येईल. आमच्या मदरबोर्डवर पीसीआय तिसऱ्या पिढीचें आहे. त्यामुळें चारच लेनवर चालणारें आरएक्स ६५०० एक्सटी घ्यावयाचें नाहीं, एवढें पुतण्यानें आपण होऊन वहीत लिहून ठेवलें आहे.