गिरनारचे वेळापत्रक

आम्ही जुळी भावंडे. शाळेत एकाच वर्गात, घरी एकाच टेबलाशी आणि शिक्षा झालीच तर तीही बहुधा दोघांना मिळून. यामुळे या लेखात ‘मी’ हा शब्द वाचकांना आढळणार नाही. हा आमचा थाट नसून नाइलाज आहे.

2023 च्या पावसाळ्यात, आम्ही आठवीत असताना भूगोलाच्या सरांनी एक विलक्षण गृहपाठ दिला. ‘बडोद्याहून अँडीज पर्वतात जावयाचे आहे, वाहने आणि वेळ यांची आखणी करा.’ वर्गात हशा पिकला. ज्यांची मजल पावागडापलीकडे गेली नाही त्यांनी दक्षिण अमेरिकेचा बेत आखावा, ही कल्पनाच गमतीची होती. परंतु नकाशा पुढे ओढून बसल्यावर हसू मावळले आणि आम्ही त्यात पुरते गुंतलो.

पहिला घोळ झाला तो ऋतूंचा. दिवाळीच्या सुटीत जावे असे आम्ही लिहून टाकले होते. पण तो प्रदेश विषुववृत्ताच्या दक्षिणेस. तेथील कोरडा हंगाम मे ते सप्टेंबर, आणि आपली दिवाळी येते तेव्हा तिकडे पावसाची चाहूल लागलेली असते. तेव्हा दिवाळी खोडून मे महिना घातला. दुसरा घोळ उंचीचा. लिमा शहर समुद्रकाठी. तेथून विमानाने कुस्कोला उतरले की माणूस तासा-दीड तासात सुमारे 3,400 मीटर उंचीवर जाऊन पडतो. विरळ हवेने डोके दुखते, धाप लागते, अन्न नकोसे होते. म्हणून शहाणे प्रवासी पहिले एक-दोन दिवस काहीही करीत नाहीत, नुसते विसावतात. माचू पिचू हे इंका लोकांचे प्राचीन नगर त्या मानाने बरेच खाली, 2,430 मीटरवर आहे. त्याच्या पायथ्याच्या गावापर्यंत मोटारीचा रस्ता नाही. ओलान्तायताम्बोहून आगगाडीने जावे लागते. हे सारे आम्ही रकाने पाडून, तासांचा हिशेब जुळवून लिहिले आणि वही ऐटीने सरांपुढे ठेवली.

सरांनी समासात लाल शाईने एवढेच लिहिले : ‘दरड कोसळली तर?’ 2010 च्या जानेवारीत अतिवृष्टीने ते रूळ बंद पडून हजारो प्रवासी अडकले होते व त्यांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते, ही हकीकत मग त्यांनी वर्गाला सांगितली. आम्ही वेळापत्रकात एक दिवस मोकळा वाढवून दिला. गुण चांगले मिळाले.

ही वही घरी आजीच्या हाती लागली. आजीचे वय तेव्हा शहात्तर. चष्मा पुसून तिने सगळे रकाने वाचले आणि म्हणाली, “एवढ्या लांबचे जमवता, तर मला गिरनार दाखवा की. तो काही समुद्रापलीकडे नाही.”

बडोद्याच्या मराठी घरांतून गिरनारचे नाव कसे घेतले जाते हे येथील वाचकांस सांगणे नको. दत्तात्रेयाच्या पादुका शिखरावर, आणि त्या शिखरापर्यंत दहा हजारांच्या घरात पायऱ्या. 24 ऑक्टोबर 2020 रोजी भवनाथ तळेटीपासून अंबाजीपर्यंत रोपवे सुरू झाला, तेव्हापासून आजीच्या मनात हा विचार घोळत असावा. तिने तो बोलून मात्र कधी दाखविला नव्हता.

आमचे वडील महानगरपालिकेत नोकरीस आहेत. आमचे आजोबाही तेथेच होते. त्यामुळे खंडेराव मार्केटची ती भव्य इमारत आमच्या घरात परकी वाटत नाही. सयाजीराव महाराजांनी आपल्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त 1906 साली ती उभारली आणि तिला खंडेरावांचे नाव दिले. पुढे घुमट, कमानी आणि कचेऱ्या. मागे भाजी आणि फुलांचा बाजार. दर गुरुवारी सकाळी आजी दांडिया बाजारातून चालत तेथे जाते आणि दत्ताच्या तसबिरीसाठी हार घेते. पिशवी धरण्यास आम्ही असतो. गिरनारचा बेत खऱ्या अर्थाने त्या फुलांच्या ओळीत शिजला, कारण आजीचे नेहमीचे फूलवाले काका दरवर्षी कार्तिकात गिरनारची परिक्रमा करणारे. आमची वही त्यांनी झेंडूच्या टोपलीवर पसरली आणि एकेक महिना बोटाने उडविण्यास प्रारंभ केला. कार्तिक शुद्ध एकादशीपासून पौर्णिमेपर्यंत परिक्रमेची गर्दी, मार्गशीर्षात दत्तजयंती, माघात भवनाथची महाशिवरात्रीची जत्रा, नंतर ऊन. आजीचा ओढा दत्तजयंतीकडे होता, पण त्या गर्दीत तिला नेणे वडिलांना मान्य होईना.

उरले उत्तरायण. 2024 च्या जानेवारीत 13 तारखेस दुसरा शनिवार, 14 ला रविवारी उत्तरायण आणि 15 ला सोमवारी वासी उत्तरायण, अशा वडिलांना तीन सुट्या लागोपाठ येत होत्या. आई संक्रांतीची सुगडे पुजण्यासाठी घरीच राहणार होती. राहता राहिलो आम्ही. बडोद्यात वाढलेल्या मुलाने उत्तरायणास गच्चीवर नसावे याचा अर्थ काय, हे बाहेरगावच्या माणसास समजणार नाही. तरी आम्ही हो म्हटले, पण मनात एक खोट ठेवून.

मूळ आखणी अशी होती : शुक्रवारी रात्रीच्या गाडीने निघावे, शनिवारी पहाटे जुनागढ, तो दिवस आजीच्या विश्रांतीचा, रविवारी शिखर, सोमवार मोकळा, सोमवारी रात्री परत. आम्ही तो मोकळा सोमवार काढून टाकण्याची सूचना पुढे केली. रविवारी दुपारपर्यंत दर्शन होते. मग सायंकाळी सहाची बस धरली तर वासी उत्तरायण हातचे जात नाही! कागदावर ते बिनचूक जमत होते. वडिलांनी आजीकडे पाहिले. आजी म्हणाली, “मुलांचे पतंग बुडायला नकोत.” त्या वेळी रेल्वेचे आरक्षण 120 दिवस आधी खुले होत असे (1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आले), म्हणून गणपती येण्याच्या पाच दिवस आधीच जाण्याची तिकिटे काढली. परतीच्या बसचे आरक्षण पुढे यथावकाश झाले. फूलवाल्या काकांना बेत सांगितला तेव्हा ते हार बांधता बांधता एवढेच बोलले, “माजी, पवन जोईने जजो.” वारा पाहून जा. आमच्या कानांवरून ते शब्द तसेच निघून गेले.

शनिवारी जुनागढात पानही हलत नव्हते. तळेटीकडे जाताना अशोकाचा शिलालेख पाहिला. एकाच खडकावर सम्राट अशोक, रुद्रदामा आणि स्कंदगुप्त या तिघांचे लेख आहेत, व नंतरच्या दोघांत सुदर्शन तलावाचा फुटलेला बांध दुरुस्त केल्याची हकीकत आहे. आजी म्हणाली, “म्हणजे दुरुस्त्या तेव्हाही निघतच होत्या.” चाळीस वर्षे पालिकेच्या नोकराचा संसार केलेल्या बाईचे हे उद्गार वडिलांना फार आवडले. नंतर डोली ठरविण्यास गेलो. अंबाजीपासून पुढच्या, म्हणजे जवळजवळ निम्म्या, पायऱ्या आजीला चढवणार नव्हत्या. डोलीचे भाडे माणसाच्या वजनावर ठरते, म्हणून आजीला काट्यावर बसावे लागले. “खंडेराव मार्केटात इतकी वर्षे भाजी तोलून घेतली, आज माझी पाळी,” असे म्हणून ती मनसोक्त हसली.

रविवारी पहाटे आम्ही जागे झालो ते खिडकीच्या आवाजाने. वारा सुटला होता. बडोद्यात ज्या वाऱ्यासाठी आम्ही दरवर्षी आदल्या रात्री आकाशाकडे पाहतो, तोच हा वारा. रोपवेच्या स्थानकावर माणसे घोळक्याने उभी. वाऱ्यामुळे पाळणे बंद. आठ वाजले, दहा वाजले. पायथ्यापासूनच डोली केली असती तर जाऊन येण्यास सगळा दिवस गेला असता आणि बस होती सहाची. वडील घड्याळ पाहत होते. आम्ही आजीकडे पाहण्याचे टाळीत होतो.

मग आजी, कोणास उद्देशून नव्हे अशा स्वरात म्हणाली, “मागे आम्ही दोघे आलो होतो तेव्हा पायी अंबाजीपर्यंत चढलो होतो. पुढचे शिखर समोर दिसत होते. पण यांना सोमवारी कचेरीत हजर व्हायचे होते, म्हणून तिथूनच फिरलो.”

ही गोष्ट तिने घरात कधीही सांगितली नव्हती. वडिलांनासुद्धा ती ठाऊक नव्हती. सरांची ती लाल शाई आमच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. दुसऱ्याच्या देशातील दरडीसाठी आम्ही एक दिवस राखून ठेवला होता; आजीसाठी होता तो दिवस मात्र पतंगांसाठी मोडला होता. आम्ही वडिलांना बाजूला नेऊन परतीची तिकिटे रद्द करण्यास सांगितले. आरक्षणाचे पैसे किती बुडाले हे त्यांनी आम्हांस कळू दिले नाही. त्या रात्री धर्मशाळेच्या गच्चीवरून जुनागढचे कंदिलाचे पतंग दिसत होते. आम्ही फार वेळ पाहिले नाही.

सोमवारी उजाडता वारा पडला. पाळणे सुरू झाले आणि दहा मिनिटांच्या आत आम्ही अंबाजीस पोचलो. तेथून डोली. दोरांनी दांड्यास टांगलेल्या त्या लहानशा चौकटीत आजी पदर घट्ट धरून बसली होती. गोरखनाथाचे शिखर गिरनारात सर्वांत उंच, 1,117 मीटर. तेथून वाट पुष्कळ खाली उतरते आणि मग दत्तशिखरासाठी पुन्हा सरळ चढते. उतरताना आजीने डोळे मिटले होते. शेवटच्या चढावर मात्र ती उघड्या डोळ्यांनी वर पाहत होती. पादुकांपाशी जागा थोडी, मागून येणारी माणसे बरीच. आजीने डोके टेकले, खंडेराव मार्केटातून आणलेला, चार दिवसांत सुकून गेलेला हार ठेवला आणि एका मिनिटात बाहेर आली. परत येताना अंबाजीपाशी तिने डोली थांबविली. कठड्याशी उभी राहून तिने मागच्या शिखराकडे बराच वेळ पाहिले. आम्ही जवळ गेलो नाही.

परतीचा प्रवास सुखाचा झाला असे लिहिता येत नाही. आरक्षण नसल्याने एस.टी.त आजीला एक जागा कशीबशी मिळाली; वडील राजकोटपर्यंत उभे होते, आम्ही पिशव्यांवर बसलो. मंगळवारी सकाळी दांडिया बाजारात उतरलो तेव्हा तारांवर फाटके पतंग फडफडत होते आणि आजीचे पाय सुजले होते. आठवडाभर तिचे बाजारात जाणे बंद पडले.

त्यानंतरच्या गुरुवारी ती पुन्हा हाराला गेली. फूलवाल्या काकांच्या हातावर प्रसाद ठेवून तिने वाऱ्याची सगळी हकीकत सांगितली. काकांनी मान डोलावली आणि हाराचे पैसे घेतले नाहीत. परत येताना आजी आम्हांला म्हणाली, “तो तुमचा अँडीज. तिकडे डोली मिळते का, तेवढे सरांना विचारून ठेवा.”