पोयबावडी ते राजगृह

ढाणकीहून मुंबईला जाणारा समाजबांधव बहुधा डिसेंबरातच जातो. पैनगंगा ओलांडायची, मिळेल ती गाडी धरायची, चैत्यभूमीच्या रांगेत रात्र काढायची, शिवाजी पार्कवर पुस्तके आणि कॅलेंडर घ्यायचे आणि आल्या पावली परत. वर्षानुवर्षे जाऊनही दादरच्या त्या कोपऱ्यापलीकडची मुंबई आमच्यापैकी अनेकांनी पाहिलेली नव्हती. म्हणून यंदा आम्ही सहा जणांनी गर्दीचे दिवस टाळले. कापसाची वेचणी आटोपली आणि फेब्रुवारीत निघालो. सोबत दोन शाळकरी मुले होती आणि सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाई होत्या.

राजधानी म्हटली की पाहुणे मंडळी गेटवे, मंत्रालय, राणीचा हार दाखवतात. ते आम्ही एका संध्याकाळी उरकले. खरा दिवस राखून ठेवला होता परळसाठी. बाबासाहेबांच्या आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे ज्या वस्तीत गेली, ती पायी फिरायची होती.

पोयबावडीची बी.आय.टी. चाळ शोधायला फारसा त्रास पडला नाही. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली. त्यानंतर १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, त्या ट्रस्टने बांधलेल्या या चाळी. पहिल्या क्रमांकाच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर ५० आणि ५१ नंबरच्या दोन खोल्या. १९१२ पासून १९३४ पर्यंत, म्हणजे बावीस वर्षे, आंबेडकर कुटुंबाचा संसार इथे झाला. वाचकहो, बावीस वर्षे हा आकडा वाचायला सोपा आहे. जिना चढून त्या लांब गॅलरीत उभे राहिल्यावर तो अंगावर येतो. दोन्ही बाजूंना खोल्या, मधून अंधारा बोळ, सगळ्या मजल्याचे नळ आणि संडास एकत्र. आत्याबाई दाराशी थबकल्या आणि म्हणाल्या, "एवढीशीच? माय, आपली कडब्याची खोली बी याहून मोठी हाय!"

खोल्यांत आज दुसरी कुटुंबे नांदतात. दुपारच्या वेळी कुणाच्या घरात घुसणे आम्हाला बरे वाटले नाही. बाहेरच उभे राहून मुलांना जे ठाऊक होते ते सांगत गेलो. १९१३ मध्ये बाबासाहेब इथूनच कोलंबिया विद्यापीठात गेले. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाल्यावरही त्यांनी चाळ सोडली नाही, कारण पगारातून लंडनचे उरलेले शिक्षण पुरे करायचे होते. 'मूकनायक' १९२० च्या ३१ जानेवारीला निघाला, त्या काळात त्यांचा पत्ता हाच. त्या पत्रासाठी अडीच हजार रुपये देणारे राजर्षी शाहू महाराज या चाळीत स्वतः येऊन गेले. आणि बाबासाहेब १९२० ते १९२३ लंडनला असताना याच वस्तीत माता रमाईंनी घर सांभाळले. शेण्या थापून त्यांनी दिवस काढले, हे आमच्या आयाबायांना सांगावे लागत नाही. पाच लेकरांतले एकटे यशवंतराव वाचले. धाकटा राजरत्न गेला तो १९२६ मध्ये. हे ऐकताना आत्याबाई गॅलरीच्या कठड्याला हात लावून कितीतरी वेळ खालचे अंगण बघत होत्या. त्यांना कुणी घाई केली नाही.

तिथून जवळच दामोदर हॉल. ९ मार्च १९२४ रोजी इथे बाबासाहेबांनी सभा बोलावली आणि त्याच वर्षी जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सभेचे कार्यालयही इथेच होते. गिरणगावातल्या कामगार रंगभूमीचे हे माहेरघर. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री इथे तोंडाला रंग लावत असे. ते जुने नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाले. सभागृह पुन्हा उभे राहील, पण ज्या भिंतींनी १९२४ ची सभा ऐकली त्या भिंती आता दाखवता येणार नाहीत.

गिरणीचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या यवतमाळचा कापूस हा या गिरण्यांशी नाते सांगणारा. पण त्या कापसाचे कापड विणण्याच्या खात्यात आमच्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात मजुरी जास्त, म्हणून हा नुसता विटाळाचा प्रश्न नव्हता, पोटाचाही होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी ही गोष्ट कामगार पुढाऱ्यांसमोर स्पष्ट मांडली. पुढे १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंड झाल्या. आज त्या जागी काचेचे मनोरे आहेत. एका चिमणीकडे बोट दाखवून मुलाने विचारले, "ही विटांची भट्टी का?"

नरे पार्कवर बाकड्यावर बसून आम्ही भाकरी सोडली. मैदानात पोरे क्रिकेट खेळत होती. २४ मे १९५६ च्या बुद्ध जयंतीला याच ठिकाणी बाबासाहेबांनी जाहीर केले, की ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्म स्वीकारणार. नागपूरच्या दीक्षाभूमीला आपण दरवर्षी जातो. त्या वाटेवरचा हा मुक्काम मात्र ध्यानात राहत नाही.

पुढे नायगाव. मुंबई इलाखा महार परिषद १९३६ च्या मे अखेरीस इथेच भरली होती. धर्मांतर का करायचे, याचा सविस्तर हिशेब बाबासाहेबांनी ३१ मे रोजी तिथे मांडला. नायगावात बी.डी.डी.च्या ४२ चाळी. मुंबईत सगळ्या मिळून २०७, एकेका चाळीत ८० खोल्या आणि खोली १६० चौरस फुटांची. अशाच एकेका खोलीत गावाकडून आलेली दहा-दहा माणसे पथारी टाकत, पाळीपाळीने झोपत. भजनी मंडळे, जलसे, समता सैनिक दल, व्यायामशाळा, सगळे याच गॅलऱ्यांतून वाढले. आता चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आम्हाला चाळ पाडल्याचे दुःख नाही. सार्वजनिक संडासासमोर रांग लावणाऱ्या बाईला स्वतःचे न्हाणीघर मिळाले तर आनंदच आहे. प्रश्न एवढाच, की कुठे काय घडले हे सांगणारा साधा फलक तरी त्या नव्या इमारतींखाली कुणी लावणार आहे का? आम्ही पाहिला नाही.

दादर पूर्वेला गोकुळदास पास्ता मार्गावर बुद्धभूषण छापखान्याची आणि आंबेडकर भवनाची जागा लागते. २५ जून २०१६ च्या पहाटे अंधारात त्या वास्तू पाडल्या गेल्या आणि १९ जुलैला त्याविरुद्ध मुंबईत प्रचंड मोर्चा निघाला. तिथे आम्ही फार थांबलो नाही, थांबवत नव्हते.

हिंदू कॉलनीत शिरलो तेव्हा ऊन उतरले होते. झाडांची सावली, शांत गल्ल्या आणि त्यात राजगृह. मगधाच्या जुन्या राजधानीचे नाव बाबासाहेबांनी या घराला दिले ते पुस्तकांसाठी. चाळीत ग्रंथ मावेनात म्हणून ही वास्तू बांधली, १९३४ मध्ये राहायला आले आणि वर्षभरातच, २७ मे १९३५ ला, रमाई इथेच गेल्या. प्रशस्त घर त्यांच्या वाट्याला किती थोडे आले! आम्ही चपला बाहेर काढल्या. आत टेबल, खुर्ची, छायाचित्रे, अस्थी. मुलांनी वह्या काढून नावे उतरवून घेतली.

ज्यांना जायचे आहे त्यांनी पाण्याची बाटली आणि शिदोरी सोबत ठेवावी, पायात साध्या वहाणा घालाव्यात आणि सुरुवात परळपासूनच करावी. सगळे अंतर थांबत-बसत एका दिवसात होते. आत्याबाईंनी ते पायी पार केले. रात्री गाडीत त्यांनी मुलांकडून ५० आणि ५१ हे आकडे पुन्हा म्हणवून घेतले आणि मगच झोपल्या.