ध्वजदिनाची पेटी

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे लष्करी गणवेश आम्हांस नवा नाही. १९४९ पासून ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन पाळतात. तांबडा, गडद निळा व फिकट निळा असा तीन दलांचा कागदी ध्वज छातीस लावून आम्ही दरवर्षी पेटीत नाणे टाकीत आलो आणि, खरे सांगावयाचे तर, तेवढ्यावर ऋणमुक्त झालो!

गेल्या नोव्हेंबरात देवळाच्या ओवरीत एका सुभेदाराच्या विधवा पत्नीस आम्ही मदतीचे पाकीट देऊ केले. "पैसे नकोत, दादा," त्या म्हणाल्या. "पेन्शनीसाठी हयातीचा दाखला द्यायचा आहे. यंत्रावर माझ्या बोटांचे ठसे उमटत नाहीत. कोणी बरोबर येईल का?"

तीन खेपा घालाव्या लागल्या. डिसेंबरात पेटी आली, तेव्हा त्यांचे नाणे आमच्या आधी पडले होते.